लिनक्स इन्स्टॉल करताना अडलात? सारखे विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच्या आधीपासूनच "लिनक्स टाकायला घेतलं आणि मध्येच अडकलो" असे मेसेज सतत येतायत. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा, पण प्रश्न ३ आणि ४ मात्र इन्स्टॉलला हात घालायच्या आधी प्रत्येकाने वाचाच, पुढचा बराच मनस्ताप तिथेच वाचतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.

१. मी अगदीच नवीन आहे, कुठलं लिनक्स टाकू?

मिंट किंवा उबुंटू. उबुंटू घेणार असाल तर एलटीएस घ्या, म्हणजे दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती, २२.०४, २४.०४ अशी. तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने, आणि नवीन माणसाने नऊ-नऊ महिन्यांनी अपग्रेडच्या मागे का लागावं? मिंट याच एलटीएसवर बांधलेलं आहे आणि त्याचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोजवरून येणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटतो. अपवाद एकच, लॅपटॉप अगदी नुकताच बाजारात आलेला असेल तर फेडोरा बघा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात आणि जुन्या कर्नलला नवीन वायफाय चिप किंवा नवीन ग्राफिक्स ओळखता येत नाही, फेडोरात कर्नल ताजा असतो. बाकी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, निवडण्यात आठवडे घालवू नका, एक टाका आणि वापरायला लागा.

२. लॅपटॉप जुना आहे, रॅम २ किंवा ४ जीबी, चालेल का?

चालेल, पण निवड नीट करा. उबुंटू २४.०४ ला किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क लागते, मिंट २ जीबीवर सुरू होतं पण आरामात चालायला ४ हवेत. त्यामुळे २ जीबीवाल्यांनी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू घ्यावं. एक मात्र आधीच सांगतो, डेस्कटॉप कितीही हलका घेतला तरी ब्राउझर रॅम खाणारच, पाच-सहा टॅब उघडले की २ जीबी संपले. आणि साधी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका, जुन्या मशीनमध्ये त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही.

प्रोसेसर ३२-बिट असेल तर मात्र पर्याय फार थोडे उरलेत. उबुंटूने १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉप इमेज देणं बंद केलं, डेबियन १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर नाही. पण इंटेल कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे जवळजवळ सगळे लॅपटॉप ६४-बिटच आहेत, फक्त विंडोज ३२-बिट टाकलेलं होतं म्हणून मशीनपण तसंच असेल असं धरून बसू नका.

३. इन्स्टॉल करायच्या आधी नेमकं काय काय करून ठेवायचं?

बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये फोटो हलवले याला बॅकअप म्हणत नाहीत, कारण चुकीचं बटण दाबलं की सी आणि डी दोन्ही एकदमच जातात.

मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये ते सापडतं. हे चालू असलं की शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, विंडोज अर्धं झोपलेलं राहतं आणि त्याची ड्राइव्ह लिनक्सला उघडलेल्या अवस्थेत मिळते. इन्स्टॉल झाल्यावर "विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते, त्यात काही सेव्ह होत नाही" ही जी तक्रार येते तिचं कारण हेच, तेव्हा त्यासाठी वेगळा प्रश्न लिहिलेला नाही. विंडोज अपडेटनंतर हे सेटिंग कधीकधी आपोआप परत चालू होतं, त्यामुळे अचानक सेव्ह होणं बंद झालं तर आधी इथेच बघा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा (प्रश्न ४), विंडोज यूईएफआयमध्ये आहे का लेगसीमध्ये ते बघा (प्रश्न ७). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगेच इन्स्टॉल दाबू नका, पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन, म्हणजे इन्स्टॉल न करता तिथूनच चालणारं लिनक्स, चालू करा आणि वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, कॅमेरा, सगळं तपासा. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो, त्यामुळे पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, झालं.

४. मी बिटलॉकर कधी लावलंच नाही, तरी इन्स्टॉलर म्हणतो बिटलॉकर चालू आहे, असं कसं?

तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असणार. बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर अजून जास्त मशीनवर होतं. ते आतून बिटलॉकरच आहे.

आता काय करायचं? आधी रिकव्हरी की शोधा, ४८ आकडी असते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ब्राउझरमधून लॉगिन करून तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती दिसते. ती कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो काढा, काहीही करा पण त्या लॅपटॉपच्या बाहेर ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट किंवा डिस्कचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी विंडोज हीच की मागतं आणि तेव्हा ती नसली तर आतला डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच तसं आहे.

की हातात आली की सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. डिक्रिप्ट व्हायला डिस्कप्रमाणे बराच वेळ लागू शकतो, चार्जर लावून ठेवा, पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण बूटच होत नाही

आयएसओ म्हणजे डाउनलोड केलेली इन्स्टॉलरची फाइल, ती नुसती कॉपी करून चालत नाही, राइट करावी लागते. विंडोजवर रुफस वापरा, किंवा बलेनाएचर, जे कुठेही चालतं. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. कॉपी करून चालणारा एक प्रकार आहे, व्हेंटॉय, त्यात पेनड्राइव्ह एकदा तयार केला की मग हव्या तेवढ्या आयएसओ नुसत्या टाकायच्या आणि बूट करताना निवडायच्या, दोन-तीन डिस्ट्रो करून बघायच्या असतील तर मस्त सोय आहे.

राइट झाल्यावर विंडोज म्हणेल हा पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, किंवा तो अगदी थोड्या एमबीचा दिसेल. घाबरू नका आणि फॉरमॅट करू नका, लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही एवढंच.

आणि इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच जागी अडकत असेल, किंवा लाइव्ह फाइल सिस्टिम सापडत नाही म्हणत असेल, तर आधी डाउनलोडवर शंका घ्या. डिस्ट्रोच्या साइटवर आयएसओसोबत एसएचए२५६ चा लांबलचक आकडा दिलेला असतो, तो तुमच्या फाइलचा काढून जुळवा. विंडोजमध्ये सर्टयूटिल कमांडने निघतो, लिनक्समध्ये एसएचए२५६सम ने. जुळला नाही तर परत डाउनलोड करा, जुळला तर पेनड्राइव्ह बदला किंवा दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, आणि रुफसमध्ये आयएसओ मोडऐवजी डीडी मोडने राइट करून बघा.

६. पेनड्राइव्ह लावलाय पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जातो, बूट मेन्यू कसा उघडू?

चालू करताक्षणी की टपटप दाबत राहायची. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ च आहे पण बऱ्याच मॉडेलमध्ये ते आधी बायोसमध्ये, म्हणजे एफ२ दाबून, चालू करावं लागतं. हे जमत नसेल तर विंडोजमध्येच शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, निळ्या स्क्रीनवर डिव्हाइस वापरा असा पर्याय येतो, तिथून पेनड्राइव्ह निवडा. यूएसबी हबमध्ये लावलेला असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा.

७. यूईएफआय आणि लेगसी ही काय भानगड आहे, मला त्याचं काय करायचं?

मशीन चालू व्हायच्या दोन पद्धती, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. तुम्हाला लक्षात ठेवायचंय ते एवढंच की डुअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, करायचं असेल तर विंडोज ज्या पद्धतीने चालू होतं त्याच पद्धतीने लिनक्स टाकायचं. एक यूईएफआयमध्ये आणि एक लेगसीमध्ये झालं की दोन्ही स्वतंत्र चालतील पण एकमेकांना दिसणार नाहीत, आणि मग माणूस ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, चालू होताना सिस्टिम निवडायचा मेन्यू) दुरुस्त करत बसतो ज्यात मुळात काही बिघडलेलंच नसतं.

विंडोजमध्ये रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका, बायोस मोडच्या ओळीत उत्तर आहे. मग बूट मेन्यूत बघा, एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो, एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं, तुमच्या उत्तराप्रमाणे निवडा. लाइव्ह सेशनमध्ये आल्यावर खात्री करायची असेल तर सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर आणि त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा, असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात.

८. सिक्युअर बूट बंद करावंच लागतं का?

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेल्याच प्रोग्रॅमला बूट होऊ देणारं सेटिंग. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे आणि डेबियन १० पासून पुढे, कोणालाच ते बंद करायची गरज नाही, यांचा शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवून सगळं चालतं. आर्चसारख्या डिस्ट्रोला बंद करावं लागतं. बंद करणार असाल तर प्रश्न ४ मधली की आधी, मग बाकीचं.

यात लोक अडकतात ते एका वेगळ्याच जागी. इन्स्टॉल करताना थर्ड पार्टी ड्रायव्हरला टिक केली की इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रिस्टार्ट झालं की एक निळी स्क्रीन येते, त्यावर मॉक (ड्रायव्हरची सही ओळखायची तुमच्या मशीनवरची की) मॅनेजमेंटसाठी कुठलीही की दाबा असं लिहिलेलं असतं आणि खाली दहापासून उलटी मोजणी चालू असते. बहुतेक जण हे काहीतरी बिघडलंय असं समजून बघत बसतात, दहा सेकंद संपतात, मशीन नेहमीसारखं चालू होतं आणि मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा वायफाय का चालत नाही हे कळत नाही. तिथे की दाबायची, एनरोल मॉक निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि तो ठरवलेला पासवर्ड टाकायचा, मग रीबूट. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काही उमटत नाही, टाकत राहा. संधी गेली असेल तर उबुंटू-मिंटवर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सुडो (ॲडमिन म्हणून चालव असं सांगणारा शब्द) अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी आणि पुढे दोन डॅश देऊन एनरोल-की अशी कमांड द्या, पासवर्ड परत ठरवा, रिस्टार्ट केलं की निळी स्क्रीन परत येते.

९. इन्स्टॉलरमध्ये माझी डिस्कच दिसत नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो

इंटेलचा लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा आरएसटी, म्हणजे डिस्क सांभाळायची इंटेलची स्वतःची पद्धत. बायोसमध्ये डिस्क कंट्रोलर रेड किंवा आरएसटी मोडवर ठेवलेला असतो, ११व्या जनरेशनपासून त्याच जागी व्हीएमडी नाव दिसतं. नवीन कर्नलला व्हीएमडी कळतं, म्हणून आधी डिस्ट्रोची सगळ्यात ताजी आयएसओ घेऊन बघा. तरीही नाही दिसली तर बायोसमध्ये एएचसीआय करायचं, किंवा व्हीएमडी बंद करायचं.

पण थांबा, विंडोज ठेवायचं असेल तर हे सेटिंग सरळ बदलू नका, विंडोज निळी स्क्रीन दाखवून चालूच होणार नाही. आधी बिटलॉकरची की हाताशी (प्रश्न ४). मग विंडोजमध्ये रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक करा, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतःच लावून घेतं. मग परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन टिक काढा आणि रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, म्हणून अकाउंटचा पूर्ण पासवर्ड माहीत असू द्या, ऐन वेळी तो आठवत नाही म्हणून बरेच जण तिथे अडकतात.

बायोसमध्ये असं काही सेटिंगच नाही म्हणत असाल आणि लॅपटॉप एसरचा असेल तर मेन टॅबवर जाऊन कंट्रोल आणि एस दाबा, बऱ्याच मॉडेलमध्ये लपलेला पर्याय बाहेर येतो.

१०. इन्स्टॉल लिनक्स निवडलं की काळी स्क्रीन, पुढे काहीच नाही

ग्राफिक्सचा मामला आहे, एनव्हिडिया कार्ड असेल तर जवळजवळ नक्कीच. कर्नल सुरुवातीलाच ग्राफिक्सचा ताबा घ्यायला जातो आणि तिथे गाडी अडते, त्याला तेवढं करू नको म्हणून सांगायचं.

पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर जो ग्रबचा मेन्यू येतो, त्यात पहिल्या ओळीवर असताना एंटर न दाबता ई दाबा. एक साधा एडिटर उघडतो, पाच-दहा ओळी दिसतात, त्यातली लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, ती लांब असते आणि शेवटाकडे क्वाएट स्प्लॅश असं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे एक स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, स्पेलिंग सलग एन ओ एम ओ डी ई एस ई टी. बाकी कशाला हात लावू नका. एफ१० किंवा कंट्रोल एक्स दाबलं की बूट होतं. डेस्कटॉप जाडाभरडा, कमी रिझोल्यूशनचा दिसेल, दिसू दे, इन्स्टॉल करून घ्या. मिंटच्या मेन्यूत हेच काम करणारा कम्पॅटिबिलिटी मोड आयता असतो.

हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा परत काळी स्क्रीन येऊ शकते, तेव्हा परत तेच करा. मग उबुंटूमध्ये ॲडिशनल ड्रायव्हर्स किंवा मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्याने रेकमेंडेड लिहिलेला एनव्हिडिया ड्रायव्हर टाका. नोमोडसेट कायमचं ठेवू नका, ते चालू असेपर्यंत ग्राफिक्स कार्ड नीट वापरलंच जात नाही.

११. पार्टिशन किती करायची? कोणी सांगतं चार, कोणी सांगतं सात

विंडोज काढूनच टाकायचं असेल तर काहीच करू नका, इन्स्टॉलरला करू द्या. डुअल बूट असेल तरी आधी "विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा" हा पर्याय येतो का बघा, तो पुरेसा आहे. हाताने करायचंच असेल तर लिनक्ससाठी एक ईएक्सटी४ पार्टिशन, माउंट पॉइंट नुसता स्लॅश, २५ जीबी किमान पण जमलं तर ५० च्या पुढे. वेगळं स्वॅप पार्टिशन लागत नाही, उबुंटू आणि मिंट स्वॅप फाइल स्वतः बनवतात. होम वेगळं ठेवलं तर पुढे डिस्ट्रो बदलताना फाइली जागेवर राहतात, पण ते ऐच्छिक आहे.

विंडोजचं ईएफआय पार्टिशन, बहुतेकदा १०० एमबीच्या आसपास आणि फॅट३२, तेच लिनक्सलाही वापरायचं असतं. ते निवडा पण त्याच्यापुढची फॉरमॅटची टिक काढलेली आहे याची खात्री करा. ती टिक राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो.

१२. विंडोजमध्ये २०० जीबी मोकळे आहेत, पण श्रिंक फक्त थोडेसेच होतात

श्रिंक म्हणजे पार्टिशन लहान करून जागा मोकळी करणं. पार्टिशनच्या शेवटाकडे कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते, पेजफाइल, हायबरनेशन फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करा, रिस्टार्ट करा, परत श्रिंक करून बघा, मग त्या परत चालू करा. जुन्या एमबीआर डिस्कवर अजून एक अडचण असते, तिच्यावर प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त चारच होतात, चारही भरलेली असतील तर मोकळी जागा असूनही वापरता येत नाही आणि एक हलवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

१३. चुकून इरेज डिस्क दाबलं, सगळं गेलं, काही परत मिळेल का?

मशीन लगेच बंद करा, त्या डिस्कवर आता एक बाइटसुद्धा लिहू नका, नवीन इन्स्टॉल वापरून "बघतो काय राहिलंय" असंही करू नका. दुसऱ्या मशीनवर लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून टेस्टडिस्कने जुनी पार्टिशन सापडतात का बघा, ते नाही जमलं तर फोटोरेकने फाइली काढा, आणि काढलेलं सगळं तिसऱ्या, वेगळ्या डिस्कवर ठेवा. साध्या हार्ड डिस्कवर बरंच काही हाती लागू शकतं. एसएसडीवर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेला डेटा डिस्क खरोखरच साफ करते म्हणून, आशा फार कमी असते, आणि डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्टेड होती तर जवळजवळ नाहीच. मोलाचा डेटा असेल तर स्वतः प्रयोग न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

१४. इन्स्टॉल यशस्वी म्हणाला, पण रिस्टार्ट केलं की थेट विंडोजच चालू होतं

इन्स्टॉल झालेलं आहे, परत करत बसू नका. बूट मेन्यूत (प्रश्न ६) उबुंटू किंवा तुमच्या डिस्ट्रोचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर बायोसमध्ये बूट ऑर्डरमध्ये ते विंडोज बूट मॅनेजरच्या वर आणा. एसरच्या काही मॉडेलमध्ये त्यासाठी आधी बायोसचा सुपरवायझर पासवर्ड ठेवून मग ती ईएफआय फाइल ट्रस्टेड म्हणून निवडावी लागते. काहीच दिसत नसेल तर प्रश्न ७ वाचा, बहुधा मोड वेगळा झालाय.

१५. माझं उलटं झालंय, ग्रब येतं पण त्यात विंडोज नाही

विंडोज जागेवरच असणार, ग्रबने ते शोधलंच नाही. दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सुरक्षेच्या कारणाने बंदच येतो. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे, ती सुडोने उघडा, शेवटाकडे ग्रब डिसेबल ओएस प्रोबर अशी कॅपिटल अक्षरांतली ओळ असते, तिच्या सुरुवातीचा हॅश काढा, पुढे फॉल्स आहे याची खात्री करा, सेव्ह करा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. विंडोज सापडल्याची ओळ तिथेच दिसते. नाही दिसली तर परत प्रश्न ७.

१६. लिनक्स छान चाललं होतं, विंडोज अपडेट झालं आणि आता शिम एसबॅट असा काहीतरी एरर येतो

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली आणि जगभर अनेकांचं डुअल बूट बंद पडलं. एररमध्ये सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं लिहिलेलं असतं. तुमचा डेटा सुरक्षित आहे. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, सगळे अपडेट करून घ्या म्हणजे नवीन शिम येतो, मग सुडो मॉकयूटिल, पुढे दोन डॅश देऊन सेट-एसबॅट-पॉलिसी, आणि मग डिलीट, अशी कमांड द्या. सिक्युअर बूट बंद ठेवूनच एकदा रिस्टार्ट करून लिनक्समध्ये या, त्यानंतर चालू करा. जुन्या आयएसओचा पेनड्राइव्हसुद्धा याच कारणाने बूट होत नाही, तिथे नवी आयएसओ घेणं हाच उपाय.

१७. वायफाय दिसतच नाही, आणि ड्रायव्हर टाकायला इंटरनेट लागतं, मग करू काय?

फोन यूएसबीने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते वायरवालं नेटवर्क म्हणून लगेच ओळखतं, काही सेटिंग लागत नाही. मग अपडेट करा आणि प्रश्न १० मध्ये सांगितलेला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिप तिथूनच सुटतात. नाही सुटलं तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवून नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीतलं चिपचं नेमकं नाव बघा, मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल सांगण्यापेक्षा हे नाव सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिप असतात. डेबियनवाल्यांनी १२ किंवा पुढचीच आवृत्ती घ्यावी, तिच्यापासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं.

१८. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकतं

लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ, म्हणून तुमच्या टाइमझोनएवढाच फरक पडतो. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ अशी कमांड एकदा द्या.

१९. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही

होतोय, दिसत नाही एवढंच. टाका आणि एंटर दाबा. पासवर्ड बरोबर असून "सुडोअर्स फाइलमध्ये नाही" असा मेसेज येत असेल तर तुम्ही बहुतेक डेबियन टाकलंय आणि इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड दिलाय. तो दिला की डेबियन तुमच्या युजरला सुडो देत नाही. एसयू आणि डॅश टाकून रूट व्हा, ॲडयूझर, तुमच्या युजरचं नाव, सुडो अशी कमांड द्या, लॉगआउट करून परत या.

२०. दोन डिस्क आहेत, लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकलं, पण ती काढली तर विंडोजपण नीट चालू होत नाही / पहिली काढली तर लिनक्स चालू होत नाही

लिनक्स दुसऱ्या डिस्कवर गेलं पण बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसला, उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये तर बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी हे व्हायचं. दोन्ही खरोखर स्वतंत्र हवे असतील तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवणं, किंवा बायोसमध्ये तिचा पोर्ट बंद करता येत असेल तर तो बंद करणं. मग लिनक्सला स्वतःचं ईएफआय पार्टिशन त्याच डिस्कवर करावंच लागतं आणि कुठलं चालू करायचं ते बूट मेन्यूतून निवडता येतं.

२१. लिनक्स नको झालं, विंडोजला धक्का न लावता कसं काढू?

आधी पार्टिशन उडवू नका, तीच चूक करून लोक ग्रब रेस्क्यूच्या काळ्या स्क्रीनवर येतात. पहिल्यांदा बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा आणि विंडोज थेट चालू होतं का बघा. झालं, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सची पार्टिशन काढा, विंडोजला ती बिननावाची दिसतात, तेव्हा आकारावरून ओळखा आणि रिकव्हरी किंवा ईएफआय लिहिलेल्याला हात लावू नका. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडायची तर दोघांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर एक्स्टेंड करता येत नाही, अशा वेळी त्या जागेत नवीन ड्राइव्ह बनवणं सोपं. ईएफआय पार्टिशनमध्ये लिनक्सचं एक छोटं फोल्डर आणि बूट मेन्यूत त्याचं नाव उरतं, त्याने काही बिघडत नाही. लेगसी मशीनवर मात्र पार्टिशन काढायच्या आधी विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेक आणि स्लॅश फिक्सएमबीआर चालवा, तिथे ग्रब डिस्कच्या सुरुवातीलाच बसलेलं असतं आणि बायोसमधल्या कुठल्याच सेटिंगने ते बाजूला होत नाही.